घरी गिटार रंगवताय? आधी हवा बघा, मग डबा उघडा

कलबुर्गी : इलेक्ट्रिक गिटार घरी बनवणं आता तेवढं अवघड राहिलेलं नाही. पिकअप, फ्रेट, चाव्या असा सुटा माल ऑनलाइन मिळतो, लाकूड कापून द्यायला ओळखीचा सुतार असतो. घोडं अडतं ते रंगाशी. महिनाभर खपून घडवलेलं लाकूड दोन दिवसांच्या घाईत खराब होतं, आणि आपल्या कलबुर्गी-बिदर पट्ट्यात त्याला बऱ्याचदा हवा कारणीभूत असते.

रंग आला मोटारींकडून

अमेरिकेतली फेंडर कंपनी १९५० च्या दशकापासून गिटारांना मोटारींचे रंग देत आली. त्यात ड्यूपाँट कंपनीचं नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे ‘ड्यूको’, होतं. आपले सुतार आजही लॅकरच्या रंगकामाला ड्यूकोच म्हणतात. म्हणून गिटारसाठी वेगळा रंग शोधत मुंबई-हैदराबादला जायची गरज नाही. एनसी सीलर, एनसी लॅकर आणि थिनर फर्निचरचा रंग विकणाऱ्या दुकानात मिळतं.

हवेचं गणित

लॅकर वाळतं ते थिनर उडून. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की रंगाचे थेंब लाकडावर पोचण्याआधीच अर्धे वाळतात. मग पृष्ठभाग खरखरीत होतो, संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. पावसाळ्यात उलटं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढरट धुकं येतं. कूलर लावून रंगवायचं तर मुळीच नाही. तो ओलावाही आणतो आणि धूळही उडवतो.

आपल्याकडे दिवाळीनंतर शिवरात्रीपर्यंतचे दिवस चांगले. सकाळचं दव गेलं की काम सुरू करा, ऊन चढायच्या आत आटपा.

काम कसं करायचं?

- लाकूड १२०, १८०, २४० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासा. सागवान तेलकट असतं, ते थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.
- मान बसते त्या खाचेला टेप लावा. तिथे रंग साचला तर मान नीट बसत नाही.
- सीलरचे दोन-तीन हात द्या, वाळले की ३२० ने घासा. मग रंग, त्यावर लॅकर.
- लॅकरचे हात पातळ हवेत, आठ-दहा तरी. दोन हातांत दोन तास सोडा, दिवसाला तीनपेक्षा जास्त नको.
- शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे गिटार टांगून ठेवा. मग १००० ते २००० नंबरचा वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंड.

मिरजेची वाट

कॉम्प्रेसर नाही, मोकळी जागा नाही, त्यांनी मिरजेकडे बघावं. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या चपडा लाखेचं पॉलिश होत आलं आहे. एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ते २०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळायचा आणि मलमलीत कापूस गुंडाळून हाताने पातळ थर चढवत जायचं. स्प्रे गन लागत नाही. लाखेला जास्त उष्णता आणि दारूचे थेंब सोसत नाहीत, पण खराब झालेली जागा पुन्हा तेवढीच दुरुस्त करता येते.

आवाजाची काळजी नको. सतारीत लाकूड आणि भोपळा नाद घुमवतात. भरीव इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअपचं चुंबक तारांचं कंपन टिपतं. तिथे पॉलिशने आवाजात पडणारा फरक नगण्य, म्हणून निवड आपल्या जागेवरून करा.

जिवाशी खेळ नको

लॅकर आणि थिनर झटक्यात पेट घेतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. घरातल्या खोलीत स्प्रे करू नका. अंगणात किंवा गच्चीवर करा. जवळ गॅस, देवघराचा दिवा, बिडी-सिगारेट, विजेचं बटण, काही नको. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, रसायनांच्या वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्कच लागतो. लाखेचं स्पिरिटही पेट घेतं आणि पोटात गेलं तर विष आहे. मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा पीयू रंग तर घरी स्प्रे करूच नये. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. तसाच रंग हवा असेल तर स्प्रे बूथ असलेल्या गॅरेजला काम द्या.

जवसाचं तेल लावलं असेल तर चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात बुडवा, नाहीतर एकेक पसरून उघड्यावर वाळवा.