वैऱ्यांच्या तोंडून कळलेला पंथ

1945 सालचा डिसेंबर. इजिप्तच्या दक्षिण भागात, नाग हम्मादी गावाजवळच्या डोंगराच्या पायथ्याशी काही शेतकरी खताची माती उकरत होते. कुदळ एका मोठ्या मातीच्या रांजणाला लागली. आत भूतबीत असेल म्हणून आधी कुणी हात लावेना. मग सोनं असेल या आशेने तो फोडला, तर निघाल्या कातडी बांधणीच्या जुन्या वह्या. मोहम्मद अली अस-सम्मान या शेतकऱ्याने पुढे सांगितलेली ही हकिगत सगळ्या अभ्यासकांना जशीच्या तशी मान्य नाही. काही पानं आईने चुलीत घातली, असंही तो सांगे. वह्या मात्र अस्सल. आज त्या कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत. एकूण 13 वह्या आणि त्यांत चौथ्या शतकात पपायरसवर कॉप्टिक भाषेत लिहिलेली 52 लहानमोठी प्रकरणं.

ज्यांना ‘नॉस्टिक’ म्हणतात, त्या मंडळींचं हे बहुतांश साहित्य. ख्रिस्ती धर्म पहिल्या दोन-तीन शतकांत अजून घडत होता, तेव्हा श्रद्धेपेक्षा गूढ ज्ञानाने माणूस सुटतो असं सांगणारे हे गट. तोवर त्यांची ओळख बहुतांशी त्यांच्या वैऱ्यांकडून झालेली होती. ल्योंचा बिशप आयरेनियस याने इ.स. 180च्या सुमारास त्यांच्या खंडनासाठी पाच भागांचा ग्रंथ लिहिला. हिप्पोलिटस, टर्टुलियन, एपिफॅनियस यांनी तीच री ओढली. एखाद्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून फक्त फिर्यादीचं म्हणणं ऐकावं, तसा हा सुमारे सतराशे वर्षांचा मामला होता.

विदर्भातल्या वाचकाला यात काहीतरी ओळखीचं वाटेल. महानुभाव पंथाचं असंच झालं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी वऱ्हाड पायाखाली घातला. भंडाऱ्याचे नीळभट भांडारेकार त्यांच्या अगदी सुरुवातीच्या भक्तांपैकी. पुढे पंथीयांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केल्या. बाहेरच्यांना त्या वाचता येईनात, मग संशय वाढला आणि हेटाळणी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी या लिपीचं कोडं सुटलं आणि पंथाचं म्हणणं पंथाच्याच शब्दांत वाचायला मिळालं. इजिप्तमध्ये रांजण फुटला, इथे लिपी फुटली.

साम्य तेवढ्यावर थांबत नाही. नॉस्टिकांची मांडणी थोडक्यात अशी: खरा परमेश्वर या जगाच्या पार पलीकडे आहे. त्याच्यापासून दिव्य तत्त्वांची एक मालिका निघाली. त्यांतल्या शेवटच्या, सोफियाच्या हातून चूक घडली आणि तिच्यातून एक अज्ञानी निर्माता जन्मला. त्याने हे जग घडवलं आणि आपणच एकमेव देव आहोत अशी बढाई मारली. त्याचे हाताखालचे अधिकारी आकाशाचे एकेक मजले राखून बसलेत आणि जीवाला वर जाऊ देत नाहीत. अलेक्झांड्रियाच्या बॅसिलिडीसने असे 365 स्वर्ग मोजले, असं आयरेनियस लिहितो. माणसात मात्र पलीकडच्या प्रकाशाची ठिणगी अडकलेली आहे. तारणारा येतो तो तिची आठवण करून द्यायला.

महानुभावांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि वेगवेगळे. देवता एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा. त्या आपापल्या कुवतीप्रमाणे फळ देतात, पण मोक्ष एकट्या परमेश्वराकडेच. मधल्या सत्तांची उतरंड आणि त्या ओलांडून जाणारं ज्ञान, हा आराखडा दोन्हीकडे दिसतो.

म्हणून कुणी लगेच एकाने दुसऱ्याकडून उचललं असा निष्कर्ष काढू नये. दोघांमध्ये हजार वर्षांचं अंतर आहे आणि फरक मुळातला आहे. महानुभावांच्या देवता अज्ञानी जुलमी नाहीत, आणि जीव परमेश्वराचा अंशही नाही. सर्वांत मोठा फरक देहाविषयी. अनेक नॉस्टिकांना देह म्हणजे तुरुंग वाटे; काहींच्या मते तर ख्रिस्ताला खरं शरीरच नव्हतं, क्रुसावर दिसला तो नुसता भास. इकडे लीळाचरित्रात स्वामी जेवतात, निजतात, वाट चालतात. ते कुठे बसले याची नोंद ठेवायला ‘स्थानपोथी’ आहे, त्या जागांवर ओटे बांधलेत आणि भक्त आजही तिथे डोकं टेकवतात. नॉस्टिकांनी असा एक ओटा जपला नाही. मूळ गोष्ट अदृश्यात घडते, तिला गावाचं नाव कशाला, असा त्यांचा विचार.

आता मुख्य मुद्दा. हे लोक हरले, पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांवरच ख्रिस्ती धर्माचा बराचसा आकार ठरला. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपीचा मार्सियन हा पूर्ण अर्थाने नॉस्टिक नव्हे, पण ज्यूंच्या शास्त्रातला निर्माता आणि ख्रिस्ताचा पिता हे दोन वेगळे देव, असं तोही म्हणे. इ.स. 144 मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. त्याने अनुयायांसाठी पवित्र पुस्तकांची यादी केली होती: काटछाट केलेलं लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं. मग बाकीच्यांनाही आपली यादी ठरवणं भाग पडलं. आयरेनियसने चारच शुभवर्तमानं, ना कमी ना जास्त, असा आग्रह धरला. इ.स. 367 मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या पत्रात आज प्रचलित असलेली नव्या करारातली 27 पुस्तकं प्रथम नेमकी दिसतात. यादीबाहेरचे ग्रंथ नाकारणाऱ्या या पत्रानंतरच नाग हम्मादीच्या वह्या पुरल्या असाव्यात, हा एक तर्क.

रोममध्ये शिकवणाऱ्या व्हॅलेंटिनसचे शिष्य सांगत, आमचं ज्ञान पौलाच्या एका शिष्याकडून गुप्तपणे आलं आहे. त्यावर आयरेनियसचं उत्तर रोखठोक होतं: प्रेषितांकडे गुपित असतं, तर ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांनाच त्यांनी ते सांगितलं नसतं का? आणि त्याने रोमच्या बिशपांची उघड यादी मांडली. कानात सांगितलेल्या परंपरेपेक्षा चावडीवर वाचता येईल अशी परंपरा वरचढ ठरली. बिशपांचं वजन वाढलं ते असं.

सगळं भांडणच होतं असंही नाही. योहानाच्या शुभवर्तमानावरचं आपल्याला माहीत असलेलं पहिलं भाष्य व्हॅलेंटिनसच्या पंथातल्या हेराक्लिऑनचं. त्याचे उतारे टिकले, कारण ओरिजनने वाद घालण्यासाठी ते उतरवून घेतले. अलेक्झांड्रियाचा क्लेमंट तर आदर्श ख्रिस्ती माणसाला ‘खरा नॉस्टिक’ म्हणे.

भारताशी दुवा आहे तो ‘थॉमसची कृत्ये’ या तिसऱ्या शतकातल्या सीरियन ग्रंथाचा. त्यात ख्रिस्ताचा शिष्य थॉमस हा हब्बान नावाच्या व्यापाऱ्याबरोबर गुंदफर राजाकडे येतो. हाच गोंडोफारीस मानला जातो; त्याची नाणी आपल्याकडे वायव्येत सापडली आहेत. याच ग्रंथात नॉस्टिक विचाराशी जुळणारं मोत्याचं एक गीत आहे. राजपुत्र घरचं भरजरी वस्त्र उतरवून इजिप्तला मोती आणायला जातो, परक्यांचे कपडे घालतो, त्यांचं अन्न खातो आणि आपण कोण हेच विसरतो. घरून पत्र येतं तेव्हा तो जागा होतो. परतीच्या वाटेवर ते वस्त्र सामोरं येतं आणि आरशात पाहावं तसा तो स्वतःला त्यात पाहतो. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात कोशाचं कापड हातमागावर निघतं. धाग्याधाग्याने उभं राहणारं कापड रोज पाहणाऱ्या त्या गावाला, हे गीत रचणाऱ्याने मुक्तीसाठी वस्त्रच का निवडलं, ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आज वसईत किंवा नागपुरात रविवारच्या उपासनेत विश्वासांगीकार म्हटला जातो. देव एकच, स्वर्ग आणि पृथ्वी दोन्ही त्यानेच केली. ख्रिस्त खरोखर जन्मला, खरोखर मेला. देहही पुन्हा उठेल. आपण यात कुणाला उत्तर देतो आहोत, हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नसतं. दुसऱ्या शतकात मात्र यातल्या एकेका कलमावर भर सभेत हुज्जत घातली जाई.