घसा धरला, झडप बिघडली

विरार-नालासोपाऱ्याच्या चाळीत एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात. एका पोराचा घसा धरला की बाकीच्यांचाही धरतो. मीठ-पाण्याच्या गुळण्या करतात, हळद-दूध देतात आणि पोर शाळेत जाते. पण याच घशातून हृदयाचा आजार सुरू होऊ शकतो, हे किती घरांत ठाऊक आहे?

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत एका जातीच्या जंतूने घसा धरला व औषध नीट झाले नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी काहींना संधिवाताचा ताप येतो. आज गुडघा सुजतो, परवा घोटा. सांधे बरे होतात, म्हणून आईबाप निर्धास्त होतात. इकडे जंतूशी लढणारी शरीराची शक्ती हृदयावरच उलटलेली असते. ताप वरचेवर आला की हृदयाच्या झडपा जाड होतात, चिकटतात. काही वर्षांनी जिना चढताना दम लागतो, रात्री उठून बसावे लागते. बाईचे दुखणे पुष्कळदा पहिल्या गरोदरपणात उघडे पडते, कारण तेव्हा अंगातले रक्त वाढते आणि अरुंद झडपेला ते झेपत नाही. तोवर सासरी तिला कामचुकार ठरवून झालेले असते!

झडप फक्त चिकटलेली असेल, गळत नसेल, तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते. छाती फाडावी लागत नाही. झडप फारच खराब झाली असेल, तर हृदयाचे काम यंत्रावर सोपवून ती बदलतात. पूर्वी अशा झडपा परदेशातूनच आणाव्या लागत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पथकाने भारतीय झडप तयार केली व १९९० साली ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. आपल्या भागातून लोकलने परळचे केईएम किंवा मुंबई सेंट्रलचे नायर गाठता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रिया येतात. दागिना मोडण्याआधी आरोग्यमित्राला गाठा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

मात्र धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते व रक्त वरचेवर तपासावे लागते. गोळी सोडली तर झडपेवर गुठळी धरते. हीच गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. म्हणून मूल हवे असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, गोळी मनाने बंद करू नये. सोयरीक जमवताना मुलीचे ऑपरेशन लपवणारे तिचा जीव धोक्यात घालतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्याला एकदा हा ताप आला, त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. इंजेक्शन दुखते, त्या दिवसाचा खाडा पडतो, म्हणून पुष्कळजण ते सोडतात. पेनिसिलीन काही दुर्मिळ औषध नव्हे. त्याचा सरकारी कारखाना १९५४ साली पिंपरीत उभा राहिला. झडप बिघडलेली असेल तर निदान चाळिशीपर्यंत इंजेक्शन चालू ठेवतात. ऑपरेशन झाले म्हणून ते आपोआप बंद होत नाही. दात काढायचा असला, तरी झडप बसवली आहे हे दातांच्या डॉक्टरांना आधी सांगावे.