मालवणची सहल मुलांनी आखलेली

पंधरा-सोळा वर्षांची मुलं घरात असली, की मे महिन्याची सहल आईबाबांनी परस्पर ठरवू नये. नकाशा त्यांच्याच हाती द्यावा.

मालवण त्यासाठी फार छान! कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचं. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. तेही मुलांकडेच सोपवावं.

पहिली सकाळ सिंधुदुर्ग किल्ल्याची. कुरटे बेटावर १६६४ साली त्याचं बांधकाम सुरू झालं. चहूकडे खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी! हे कसं, यावर मुलांना खुशाल वाद घालू द्यावा.

मग तारकर्लीला स्नॉर्केलिंग, जेवायला बांगडा आणि सोलकढी. एक सकाळ उशिरा उठण्यासाठी मोकळी हवीच. पावसाळ्यामुळे होड्या मेअखेरीस बंद होतात, म्हणून महिन्याचा पहिला पंधरवडा गाठावा.