कॅमेरा चालू, चित्रण बंद

मागच्या लेखात आपण सामान तपासणाऱ्या एक्स-रे यंत्रापर्यंत आलो होतो. त्या यंत्राच्या वर, छताला काळा घुमट चिकटवलेला असतो. आज त्याची पाळी.

३ जानेवारी २०१० ची संध्याकाळ. न्यूयॉर्कला लागून असलेला न्यूअर्क विमानतळ, टर्मिनल सी. उतरलेले प्रवासी बाहेर येतात त्या वाटेवरचा पहारेकरी जागेवरून हलला आणि मैत्रिणीला पोहोचवायला आलेला एक तरुण दोरीखालून आत गेला. निरोपाचा मोह, दुसरे काही नाही. पण झडती झालेल्या माणसांत एक जरी बिनझडतीचा मिसळला, तरी आतल्या कोणाचीच झडती झाली नाही असे धरावे लागते. त्याने कुणाच्या हाती काय दिले असेल, कोण सांगणार?

बाहेर थांबलेल्या एका गृहस्थाने हे पाहिले आणि कर्मचाऱ्यांना सांगितले. आता शोधायचे एवढेच होते, की तो कोण आणि अजून आत आहे का. नियंत्रण कक्षातल्या पडद्यांवर टर्मिनल व्यवस्थित दिसत होते. पण त्या कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांपासून साठवलेच जात नव्हते. शेवटी कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने स्वतःसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांचे फुटेज मागवावे लागले. ते मिळेपर्यंत तासांमागून तास गेले. फुटेजमध्ये दिसले ते असे, की पठ्ठ्या थोड्याच वेळात दुसऱ्या वाटेने निघूनही गेला होता! दरम्यान टर्मिनल रिकामे करून हजारो प्रवाशांची नव्याने झडती चालली होती आणि उड्डाणे सुमारे सहा तास खोळंबली होती.

न्यूअर्कच्या बाबतीत हे जास्तच बोचते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरण झालेल्या चार विमानांपैकी एक इथूनच उडाले होते. त्या दिवशी न्यूअर्कच्या आणि बोस्टनच्या तपासणी नाक्यांवर सीसीटीव्ही नव्हता, म्हणून तिथून अपहरणकर्ते नेमके कधी आत गेले याचा चित्रित पुरावा नाही, अशी नोंद चौकशी आयोगाने २००४ च्या अहवालात केली. वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर मात्र कॅमेरे होते. त्यांत तिथून विमानात चढलेले पाचही अपहरणकर्ते दिसतात. काहींच्या वेळी धातुशोधक यंत्र वाजते, हातातल्या यंत्राने पुन्हा तपासणी होते आणि त्यांना सोडले जाते. कॅमेऱ्याने सगळे टिपले, थांबवले काहीच नाही.

कॅमेऱ्यामुळे गुन्हा टळतो, या समजुतीवर माझा फारसा विश्वास नाही. कॅमेऱ्याची खरी किंमत घटनेनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत कळते. फुटेज साठले आहे का, सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळे एकच वेळ दाखवतात का आणि मागितल्याबरोबर ते कोण देणार, हे आधी ठरलेले हवे. आपल्याकडे यातला शेवटचा प्रश्न नाजूक आहे. विमानतळ चालवणारी कंपनी वेगळी, झडती घेणारे सीआयएसएफचे जवान वेगळे (कंदहार अपहरणानंतर, २००० पासून ते विमानतळांवर आले), नियम ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटीचे, शिवाय कस्टम्स आणि इमिग्रेशनची आपापली हद्द. एवढ्या हातांत एक फुटेज फिरायचे, तर फोन नंबर भिंतीवर लिहिलेला बरा.

गंमत म्हणजे विमानतळावरचे कॅमेरे सुरक्षेखेरीज इतर कामांत जास्त भरवशाने चालतात. विमान बेवर लागले, चाकांना अडसर (चॉक) लावले, जिना जोडला, इंधनाची गाडी आली आणि गेली, हे टप्पे आता संगणक चित्रांवरून स्वतःच नोंदवू शकतो. कुठे उशीर झाला यावरची वादावादी त्यामुळे कमी होते. रांगांची लांबी मोजून जादा काउंटर उघडणे हेही त्यातलेच.

याचे टोकाचे उदाहरण लंडन सिटी विमानतळाचे. २०२१ पासून तिथले नियंत्रक विमानतळावर बसतच नाहीत. ५० मीटर उंच खांबावरचे १६ कॅमेरे चित्र पाठवतात आणि सुमारे ११५ किलोमीटर दूर स्वॉनविकमध्ये बसलेले नियंत्रक ते पडद्यांवर पाहून विमानांना उतरण्याची परवानगी देतात. चित्र तुटू नये म्हणून एकमेकींवर अवलंबून नसलेल्या तीन फायबर वाहिन्या आहेत. स्वीडनने हा प्रयोग २०१५ मध्येच एका लहान विमानतळावर सुरू केला होता. इथे पडदा क्षणभर गोठला तरी तत्काळ कळते, कारण समोर कोणीतरी सतत पाहत असते. न्यूअर्कला चित्रण साठते आहे का, याकडे असे पाहणारे कोणी नव्हते.

चेहरा ओळखून दार उघडणारा डिजियात्राचा कॅमेरा हे निराळे प्रकरण. त्यावर पुढच्या आठवड्यात. तोवर एक सूचना. तपासणीच्या ट्रेमध्ये मोबाइल किंवा पाकीट राहिलेच, तर रांगेचा क्रमांक आणि अंदाजे वेळ सांगून विमानतळावरूनच लगेच तक्रार करा. जुन्या फुटेजवर ठरावीक मुदतीनंतर नवे चित्रण चढते आणि घरी पोहोचून फार उशिरा पाठवलेल्या ई-मेलला मग काही उत्तर उरत नाही.