जुन्या मोटारींतील मंद गारवा

मोटारींतील वातानुकूलन यंत्र गारवा निर्माण करीत नाहीं. आंतील उष्णता उचलून तें बाहेर टाकतें. हें तत्त्व ध्यानांत ठेविलें म्हणजे दोष शोधणें सुलभ होतें. काँप्रेसर वायूस दाबून तापवितो; पुढील कंडेन्सरच्या नळ्यांत तो उष्णता सोडून द्रवरूप होतो. पुढें अरुंद झडपेंतून सुटतांच त्याचा दाब उतरतो, आणि तो उकळूं लागून आंतील हवेची उष्णता शोषून घेतो.

प्रथम झोताचा जोर पाहावा. झोत मंद असल्यास गाळणी धुळीनें कोंदली असेल किंवा पंखा अशक्त झाला असेल. गाडी धांवतांना हवा गार, व उभी राहतांच कोमट होत असेल, तर कंडेन्सरवरील कचरा व त्याचा पंखा तपासावा.

हें सर्व ठीक असल्यास बहुधा वायु कमी झालेला असतो. येथें पुष्कळ लोक दरवर्षीं नवा वायु भरून समाधान मानतात. परंतु हा वायु पेट्रोलाप्रमाणें खर्च होत नाहीं. तो कमी झाला म्हणजे कोठें तरी गळती आहेच. वायूबरोबर तेलहि फिरत असल्यामुळें सांध्यावरील तेलकट डाग बहुधा ती जागा दाखवितो. मात्र दाबाखालील नळी स्वतः उघडूं नये. तें काम जाणत्या कारागिराचें.

जुना आर-१२ वायु ओझोनच्या थरास घातक, म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारानें त्यावर निर्बंध आले. त्याच्या जागीं आलेला आर-१३४ए ओझोनास निरुपद्रवी खरा, तथापि उष्णता कोंडण्यांत तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडाहून हजारपटीहून अधिक प्रबळ आहे. गळती न बुजवितां वायु भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें; आपला गारवा टिकत नाहीं, आणि जगाचा ताप मात्र वाढतो.