जिवंत शंख हातात घेऊ नका

अंदमान किंवा लक्षद्वीपला गेलात, तर प्रवाळाजवळच्या उथळ पाण्यात शंकूच्या आकाराचे, सुंदर नक्षीचे शंख दिसतील. आत कोनस ही गोगलगाय जिवंत असू शकते. दिवसा ती बहुधा वाळूत किंवा दगडांच्या फटीत दडते आणि रात्री शिकार करते. काही जाती समुद्री किडे खातात, काही इतर गोगलगायी, तर काही चक्क मासे! त्यासाठी तिच्याकडे भाल्यासारखा पोकळ, विषारी दात असतो.

माणसाला सर्वांत घातक ठरते ती मासे खाणारी ‘कोनस जिओग्राफस’. दंश फारसा दुखेलच असे नाही. पण पुढे बधिरपणा येतो, अंधुक दिसते, गिळता येत नाही आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडू शकतात. यावर प्रतिविष नाही. दंश झालेला हात-पाय हलू न देता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. श्वास थांबल्यास कृत्रिम श्वास द्यावा. विषाचा अंमल उतरेपर्यंत श्वास चालू ठेवला, तर रुग्ण वाचू शकतो.

याच कुळातील ‘कोनस मॅगस’च्या विषावरून झिकोनोटाइड हे वेदनाशामक तयार झाले. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मान्यता मिळाली. मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही. मात्र ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातच सोडावे लागते.

तेव्हा शंख डोळ्यांनी पाहावा, खिशात घालू नये.