हेलिकॉप्टरच्या दारातला सैनिक



सैनिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पलटण उभी राहते. या कोरडवाहू मुलखातून सैन्यात गेलेला मुलगा 'कुठे असतो?' असे विचारले, तर घरची म्हातारी गावाचे नाव सांगत नाही, पलटणीचे सांगते. पलटण हेच त्याचे दुसरे गाव. आज मी ज्या सैनिकाविषयी बोलणार आहे त्याला असे गाव नसते. त्याचे सगळे गणगोत एका हेलिकॉप्टरात मावते, आणि युद्ध संपले की तेही पांगते. इंग्रजीत त्याला 'डोअर गनर' म्हणतात. हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात मशीनगन घेऊन बसणारा हा माणूस. तो तेथे कशासाठी बसतो, आणि त्याची मैत्री कोणत्या जातीची असते, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम यंत्राकडे पाहू. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. भातखाचर असो की डोंगरउतार, त्याला उतरता येते, आणि म्हणूनच युद्धात त्याला मोल आले. परंतु उतरताना त्याला वेग सोडावा लागतो. जमिनीजवळ आलेले, जवळजवळ थांबलेले हेलिकॉप्टर म्हणजे झाडावर बसलेला मोर. नेमबाज कच्चा असला तरी चुकत नाही. पुढच्या बाजूला अग्निबाण बसविले तरी ते नाकासमोरच जातात. धोका येतो तो बाजूने, झाडीतून, बांधाआडून. म्हणून दोन्ही दारांत एकेक माणूस बसवावा लागतो.

व्हिएतनामच्या युद्धात ही पद्धत पूर्णत्वास गेली. तेथील नेहमीच्या अमेरिकन 'ह्यूई' हेलिकॉप्टरात चार माणसे असत. पुढे दोन वैमानिक, मागे एका दारात त्या यंत्राची देखभाल करणारा 'क्रू चीफ', आणि दुसऱ्या दारात गनर. दोघांजवळ एम-६० जातीची मशीनगन असे. दहा किलोंहून थोडी अधिक वजनाची ही बंदूक मिनिटाला साडेपाचशेच्या आसपास गोळ्या झाडते.

आता उडत्या यंत्रातून नेम कसा धरावयाचा? धावत्या एसटीतून रस्त्याकडेच्या ओळखीच्या माणसाकडे गाठोडे टाकावयाचे असेल, तर तो समोर येण्यापूर्वीच ते सोडावे लागते, कारण गाडीचा वेग गाठोड्यालाही चिकटलेला असतो. बंदुकीच्या गोळीचे तसेच. हेलिकॉप्टर ताशी दीडशे किलोमीटरने जात असेल आणि लक्ष्य बरोबर काटकोनात तीनशे मीटरवर असेल, तर गोळी तेथे पोहोचावयास सुमारे ०.४ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती सोळा-सतरा मीटर पुढे वाहून जाते. म्हणजे गनरने लक्ष्याच्या तितके मागे नेम धरावयाचा! जमिनीवरचा शिकारी पळत्या सशाच्या पुढे नेम धरतो. हा मात्र स्थिर वस्तूच्या मागे धरतो. वेग क्षणोक्षणी बदलत असल्याने कागदावरचे गणित कामास येत नाही. पट्ट्यात मधून मधून बसविलेली उजेडाची गोळी जाताना रेघ ओढते, ती पाहून हात सरकवावयाचा.

गोळीबार हे त्याचे अर्धेच काम. वैमानिकाला मागचे दिसत नाही. हेलिकॉप्टरच्या शेपटीला लहान पंखा असतो. तो झाडाला नुसता घासला तरी यंत्र स्वतःभोवती गरगरत खाली येते. म्हणून उतरताना दारातली दोन माणसे तोंडाजवळच्या ध्वनियंत्रात सांगत राहतात: डावीकडे शेपूट मोकळी, उजवीकडे झाड आहे, जरा पुढे घ्या. वैमानिक त्या शब्दावर विश्वासून यंत्र खाली सोडतो. चौघांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना, जोडणारी तेवढी एक तार. मला वाटते, त्यांच्या मैत्रीचे मूळ येथे आहे. ती एकत्र सोसल्याने घट्ट होते हे खरेच. पण त्याआधी ती या गोष्टीवर उभी असते की, मला जे दिसत नाही ते तुला दिसते आणि तू ते खरे सांगतोस.

वैमानिकाच्या आसनाला कवच असे, गनरच्या पाठीमागे काही नसे. छातीवर बांधावयाची जड पाटी मिळे, तर पुष्कळ जण ती खाली ठेवून तिच्यावर बसत, कारण गोळी बहुधा खालून येई! आपल्या बाजूचे एक उदाहरण येथे आठवते. २८ सप्टेंबर १९७१ रोजी नागालँडमध्ये दिमापूर येथे बांगलादेशाच्या वायुदलाची पहिली तुकडी, 'किलो फ्लाइट', उभी राहिली. तिच्यातले हेलिकॉप्टर आपल्या 'चेतक'च्याच जातीचे, मूळचे साधे, ने-आण करणारे. त्याला अग्निबाण आणि मशीनगन जोडल्या, आणि तळाला एक इंच जाडीचा पोलादी पत्रा बसविला. ३ डिसेंबरच्या रात्री त्याने नारायणगंजजवळच्या गोदनाइलचा तेलसाठा पेटवला.

आपल्या वायुदलातही मोठ्या हेलिकॉप्टरांवर 'फ्लाइट गनर' असतात. २८ मे १९९९ रोजी कारगिलच्या युद्धात तोलोलिंगवर हल्ला करताना एक एमआय-१७ क्षेपणास्त्राने पाडले गेले. त्यात चौघे गेले: स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट राजकिशोर साहू. दोन अधिकारी, दोन सार्जंट. चौघे एका पेटीत बसले होते.

येथे पलटणीचा फरक ध्यानात घ्यावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावास आहे. तेथे शिकून गेलेला मुलगा नोकरीची बहुतेक वर्षे एकाच बटालियनमध्ये काढतो. निवृत्त होऊन आला की दोन कोसांवर त्याच बटालियनचा कोणीतरी असतो. ४ फेब्रुवारी, म्हणजे १६७० मध्ये कोंढाणा घेतला तो दिवस, हा त्या रेजिमेंटचा दिवस. त्या दिवशी जुने जवान एकमेकांची आठवण काढतात. अशा माणसाला आपले युद्ध कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वायुदलातल्या माणसाची बदली एकेकट्याची होते. तो गावी परततो तेव्हा पंचक्रोशीत त्याच्या कामाचा माणूस सापडेलच असे नाही. त्याला मान मिळतो, सत्कार होतो, निवृत्तिवेतनाचे कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गी लागतात. परंतु 'डावीकडे शेपूट मोकळी' हे वाक्य ज्याच्यापुढे उच्चारावे असा माणूस तेथे नसतो.

अमेरिकेने व्हिएतनाममध्ये हा एकटेपणा जणू नियमच करून टाकला. तेथे सैनिकाची मुदत सामान्यतः एक वर्षाची, आणि तीही प्रत्येकाची स्वतंत्र मोजली जाई. एकटा यावयाचे, कोणाच्या तरी मोकळ्या जागी बसावयाचे, वर्ष भरले की एकटेच विमानाने घरी. काल दारात मशीनगन धरलेला मुलगा दोन-तीन दिवसांत आईच्या स्वयंपाकघरात बसलेला असे. मागे राहिलेल्यांचे काय झाले हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आणि ती माणसे काही थोडी मरत नव्हती. त्या युद्धात सुमारे १२,००० अमेरिकन हेलिकॉप्टरे वापरली गेली आणि ५,००० हून अधिक नष्ट झाली. दोन हजारांहून अधिक वैमानिक मेले, आणि मागे बसणारे त्यांच्याहूनही जास्त.

मार्च १९६५ अखेरीस छायाचित्रकार लॅरी बरोज एका हेलिकॉप्टरातून दा नांगहून निघाला. त्यात जेम्स फार्ली हा एकवीस वर्षांचा क्रू चीफ मशीनगनवर होता. शेजारचे हेलिकॉप्टर पडले, त्यातले दोन जखमी यांनी आत ओढून घेतले, त्यातला एक वाटेतच गेला. तळावर परतल्यावर फार्ली एका कोठीत सामानावर डोके टेकून रडला. ते चित्र पुढच्याच महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकाने छापले. सकाळी निघतानाचा त्याचा हसरा चेहराही त्याच मालिकेत आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. बरोज स्वतः १९७१ मध्ये लाओसवर हेलिकॉप्टर पडूनच गेला.

आता ज्या तिघांसाठी मी हा विषय घेतला त्यांच्याकडे येतो.

१६ मार्च १९६८. माय लाय नावाच्या खेड्यावर एक लहान टेहळणी हेलिकॉप्टर घिरट्या घालीत होते. वैमानिक ह्यू थॉम्प्सन, वय २४. क्रू चीफ ग्लेन आंद्रेओटा. दारात मशीनगनवर लॉरेन्स कोलबर्न, वय १८. शत्रू शोधावयास ते आले होते. शत्रू दिसलाच नाही. दिसल्या त्या जखमी बायका आणि मुले. मदत यावी म्हणून त्यांनी हिरव्या धुराने खूण केली, आणि परत येऊन पाहतात तो ती माणसे मेलेली. आपलेच सैनिक गावकऱ्यांना मारीत आहेत हे हळूहळू त्यांच्या ध्यानी आले.

एका खंदकात काही गावकरी लपले होते आणि सैनिक तिकडे चालले होते. थॉम्प्सनने दोघांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरविले. खाली उतरताना त्याने मागच्या दोघांना सांगितले, की हे सैनिक गावकऱ्यांवर किंवा माझ्यावर गोळी झाडू लागले तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती मशीनगन, आणि समोर स्वतःच्याच देशाचे गणवेश! गोळी झाडावी लागली नाही. थॉम्प्सनने दुसरी हेलिकॉप्टरे बोलावून त्या माणसांना बाहेर काढले. नंतर प्रेतांनी भरलेल्या चरात काहीतरी हलताना दिसले. आंद्रेओटा त्यात उतरला आणि एक जिवंत मूल घेऊन वर आला. ते त्यांनी इस्पितळात पोहोचविले. थॉम्प्सनने वरिष्ठांकडे तक्रार केली, तेव्हा गोळीबार थांबविण्याचा हुकूम सुटला. व्हिएतनामच्या यादीप्रमाणे त्या दिवशी ५०४ माणसे मेली.

तीन आठवड्यांनी, ८ एप्रिलला, आंद्रेओटा हेलिकॉप्टरातच मारला गेला. राहिले दोघे. १९६९ च्या अखेरीस हत्याकांड उघडकीस आले, तेव्हा थॉम्प्सनला देशद्रोही ठरविणारी पत्रे आली, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याला एक पदक पूर्वीच मिळाले होते. त्याच्या मानपत्रात खरी हकीकत नव्हती, म्हणून त्याने ते फेकून दिले. अशा माणसाला गावातल्या सत्काराने काय मिळणार? तो प्रसंग त्याच जागेवरून पाहिलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच उरला होता.

अशी मुकी झालेली माणसे हजारो होती. १९७० मध्ये न्यूयॉर्कला काही माजी सैनिक मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शातान यांना घेऊन गोल करून बसू लागले. डॉक्टरने औषध द्यावयाचे आणि रोग्याने घ्यावयाचे, असा तो प्रकार नव्हता. बोलत होते ते सैनिकच, एकमेकांशी. या दुखण्याला अमेरिकन मानसोपचारशास्त्राच्या अधिकृत सूचीत जागा मिळाली ती १९८० मध्ये. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी वॉशिंग्टनला स्मारकाची काळी भिंत खुली झाली. तिच्यावरील ५८,००० हून अधिक नावे अकारविल्हे लावलेली नाहीत, मृत्यूच्या तारखेने लावलेली आहेत. त्यामुळे एका दिवशी पडलेल्यांची नावे जवळजवळ येतात, आणि जगलेल्याला आपला दिवस शोधला की आपली माणसे सापडतात. हेलिकॉप्टर दलातल्यांच्या संघटना निघाल्या, वार्षिक मेळावे भरू लागले. आषाढीला आपल्या भागातून दिंड्या पंढरपूरला जातात. एका दिंडीत शेजारी चालणारे दोन वारकरी वर्षभर एकमेकांना पत्रही टाकीत नसतील, पण पुढच्या वर्षी ती जागा रिकामी दिसली की पाय अडखळतो. त्या मेळाव्यांचे असेच काहीसे असावे.

माय लायच्या त्या तिघांना अमेरिकेने 'सोल्जर्स मेडल' दिले ते ६ मार्च १९९८ रोजी, तीस वर्षांनी. आंद्रेओटाला ते मरणोत्तर मिळाले. त्याच महिन्यात थॉम्प्सन आणि कोलबर्न माय लायला गेले, आणि त्या सकाळी वाचलेल्या बायका त्यांना भेटल्या. पुढे दोघे मिळून अमेरिकेत ठिकठिकाणी सैनिकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे बोलत राहिले.

थॉम्प्सनला कर्करोग झाला. लुइझियाना राज्यातल्या अलेक्झांड्रिया येथे माजी सैनिकांच्या इस्पितळात तो ६ जानेवारी २००६ रोजी वारला. शेवटच्या दिवसांत कोलबर्न अटलांटाहून येऊन त्याच्या अंथरुणाशी बसला होता. कोलबर्न त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षे जगला. १३ डिसेंबर २०१६ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, तोही गेला.